सीटवाली मॅडम

“लो, आ गईं सीटवाली मॅडम.”

फाटकावरचा गार्ड हे शेजारच्या चहाच्या टपरीवाल्याला म्हणाला. मी त्यांच्यापासून चार हातांवर, विजेच्या खांबापाशी वाकून सायकलच्या चाकातून साखळी ओवत होते. मी त्यांना दिसत होते. पण मला ऐकू येत असेल, हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं. मी फारशी बोलत नाही, म्हणून मला ऐकूही येत नाही असं पुष्कळ लोक धरून चालतात.

“सीटवाली कायको, भिया?” टपरीवाल्याने विचारलं.

“देखना अभी. साइकिल यहीं छोड़ेगी, सीट ऊपर ले जाएगी.”

आणि मी तेच केलं. दुसरं काय करणार होते? सीटखालचा खटका सैल केला, सीट दांड्यासकट उपसली, कापडी पिशवीत घातली, पिशवी खांद्याला अडकवली आणि गार्डच्या समोरून आत गेले. त्याने रोजच्यासारखा सलाम ठोकला. मागून दोघांचं हसू ऐकू आलं.

हा कारखाना पोलोग्राउंडमध्ये, शहराच्या कारखान्यांच्या भागात आहे. पंपांचे सुटे भाग तयार होतात. मी तिथे ड्रॉइंग सेक्शनमध्ये होते, कॉम्प्युटरवर त्या भागांचे नकाशे काढायला. कारखान्याला दोन गेटं. पुढचं स्टाफचं, मागचं वर्कर लोकांचं. मागच्या गेटाला लागून पत्र्याची लांब शेड, त्यात वर्करांच्या सायकली एकीला एक टेकून उभ्या. पुढच्या गेटाच्या आत स्कूटर, मोटरसायकली आणि त्यापलीकडे साहेबांच्या गाड्या.

पहिल्या दिवशी मी सायकल घेऊन पुढच्या गेटाशी गेले तेव्हा गार्ड म्हणाला, “मॅडम, साइकिल का स्टैंड पीछे है.” मी कारखान्याच्या भिंतीला वळसा घालून मागे गेले. मागचा गार्ड खुर्चीवरून उठून उभा राहिला. “मॅडम, आप तो स्टाफ हो. स्टाफ की एंट्री आगे से होती है.” मी म्हटलं, फक्त सायकल ठेवू द्या, मी पायी पुढे जाते. त्याने मान हलवली. “आज आपकी रखी, कल वर्कर बोलेंगे हमारी गाड़ी आगे रखवाओ. मेरी नौकरी जाएगी.” मी परत पुढे आले. पुढचा गार्ड म्हणाला, “यहाँ साइकिल अलाउ नहीं है मॅडम, बड़े-बड़े बायर आते हैं.” म्हणजे मी पुढून जाऊ शकत होते आणि माझी सायकल मागून. दोघींनी एकत्र जाण्यासारखी जागा त्या कारखान्यात नव्हती. म्हणून मी ती बाहेर, रस्त्यावरच्या खांबाला बांधली आणि अंगठा लावायला धावले. पहिल्याच दिवशी उशीर.

आमच्या सेक्शनचे मुख्य मराठी होते. आमच्या घराप्रमाणेच त्यांचेही आजे-पणजे या हिंदी मुलखातल्या मराठी संस्थानच्या दफ्तरात. बाबांची त्यांची जुनी ओळख, आणि खरं सांगायचं तर ही नोकरीही त्याच ओळखीतून मिळालेली. ऑफिसात मी त्यांना सर म्हणायचे. दोन दिवसांनी धीर करून मी त्यांना सायकलीचं सांगितलं.

“अगं बेटा, एवढ्याशा गोष्टीचं काय टेंशन घेतेस! मी बोलतो ना वर.” मग चष्मा पुसत म्हणाले, “पण तू भी ना, एक स्कूटी घेऊन टाक ना. सगळी झंझटच खतम. तुझ्या वडिलांना काय कमी आहे?”

कमी काहीच नव्हतं. बाबा तर स्कूटी घ्यायला एका पायावर तयार होते. त्यामुळेच मला सायकल हवी होती हे कुणाला समजावून सांगता यायचं नाही. गरज असती तर लोकांनी मान तरी डोलावली असती.

ती सायकल आता माझ्याकडे नाही, म्हणून तिच्याबद्दल नीट सांगते. ती घ्यायला बाबा बरोबर आले होते आणि दुकानदार शेवटपर्यंत त्यांच्याशीच बोलत होता. “बेबी के लिए?” असं विचारून त्याने एक जांभळी काढली, पुढे टोपली, मुठींना झिरमिळ्या. मी नको म्हटल्यावर जाड टायरांची एक, पुढच्या चाकाला शॉकअ‍ॅब्झॉर्बर असलेली, चिखल उडाला तर थेट पाठीवर येईल अशी. मडगार्ड कुठे आहेत, असं मी विचारलं तर तो माझी दया आल्यासारखा म्हणाला, “मॅडम, ये स्पोर्ट्स है.” तिसरी दूधवाल्यांची काळी, जी मला स्टँडवरून उतरवताही आली नाही.

मला काय पाहिजे ते मला ठाऊक होतं. कितीतरी संध्याकाळी इंटरनेटवर वाचण्यात घालवल्या होत्या. सरळ बसता येईल असं हँडल, मध्यम टायर, दोन्ही चाकांना मडगार्ड, साखळीवर झाकण म्हणजे सलवार अडकणार नाही, मागे कॅरियर. ऑफिसला जायची सायकल. इंग्रजीत तिच्यावर पानंच्या पानं लिहिलेली होती. ती लिहिणारी माणसं जिथे राहत होती तिथे सायकलींसाठी वेगळा रस्ता होता, ते मी वाचलं होतं पण मनावर घेतलं नव्हतं.

दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं. “मॅडम, आपको जो चाहिए वो बनती ही नहीं. जो बनती है उसमें से पसंद कर लो.”

शेवटी एक राखाडी रंगाची सापडली. तिला मडगार्ड आणि कॅरियर बाहेरून बसवून घेतले, साखळीचं झाकण दुसऱ्या सायकलीचं कापून लावलं. घरी आणली तेव्हा आई दारातच म्हणाली, “ही कसली गं? ना बायकांची, ना पुरुषांची.” ती हे चिडून म्हणाली नाही. तिला खरंच प्रश्न पडला होता.

आम्ही छत्रीबागेत राहतो. आमच्या गल्लीत कोण किती वाजता बाहेर पडलं आणि काय घालून, हे सगळ्यांना माहीत असतं. सकाळी सायकल काढली की समोरच्या काकू गॅलरीतून म्हणायच्या, “काय गं, नोकरी लागली ना? मग अजून सायकलच?” मी हसायचे. हेल्मेट घातलं की खालच्या मजल्यावरचे काका, “बॅटिंगला निघाली का पोरगी?” मी पुन्हा हसायचे. गल्ली संपली आणि नदीवरचा पूल आला की हसणं उतरवून ठेवता यायचं. रस्ते झाडून, पाणी मारून ओले असायचे. पोह्यांच्या गाड्यांपुढे माणसं उभ्याने खात असायची. कुणी माझ्याशी बोलायला बांधलेलं नसायचं. घरात मी कुणाची तरी मुलगी असते आणि ऑफिसात कुणाच्या तरी ओळखीची. पूल ते पोलोग्राउंड मी कुणाचीच कुणी नसायचे. त्यासाठी सायकल हवी होती. रिक्षात बसलं तर रिक्षावाला बोलतो, स्कूटीवर असलं तर बाबा फोन करून विचारतात पेट्रोल आहे ना.

अर्थात तेवढीही मोकळीक फुकट नव्हती. मोटरसायकलवरची पोरं बाजूला येऊन वेग कमी करायची. “मॅडम, पेट्रोल महँगा पड़ रिया है क्या?” एकदा एकाने चालत्या गाडीवरून माझी घंटी वाजवली. मला उत्तर सुचायचं ते मरीमातेच्या चौराह्यावर, तोपर्यंत पोरं पार पुढे गेलेली. ओढणी घेणं मी सोडून दिलं. पँटच्या पायाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावायचे. एकदा तो काढायला विसरले आणि सकाळभर तसाच राहिला. कुणी सांगितलं नाही. दुपारी जेवणाच्या टेबलावर एकाने सांगितलं, सगळ्यांसमोर.

खांबाला बांधलेल्या सायकलीची एकेक वस्तू जायला लागली. आधी घंटी. मग मागचा लाल दिवा. आणि एका संध्याकाळी खाली आले तर सीट नव्हती. सीटच्या जागी नुसती पोकळ नळी, वर तोंड करून. गार्ड म्हणाला, “हमारी ड्यूटी गेट के अंदर की है.” मी सायकल हातात धरून पोलोग्राउंडपासून छत्रीबागेपर्यंत चालत गेले. रस्त्यात माणसं आधी सायकलीकडे बघत, मग माझ्याकडे, मग हसत. घरी बाबा एवढंच म्हणाले, “मी सांगितलं होतं.” मग नवी सीट बसवली ती खटक्याची, हाताने काढता येणारी. इंटरनेटवरच वाचलं होतं, मोठ्या शहरांत लोक सीट बरोबर घेऊन जातात. तिथे त्यांना काय म्हणतात ते लिहिलेलं नव्हतं.

सीट मी टेबलाखाली ठेवायचे. पहिल्याच दिवशी पलीकडच्या टेबलावरचा सीनियर वाकून बघत म्हणाला, “क्यों मॅडम, कंपनी की कुर्सी में काँटे हैं क्या? घर से अपनी लाई हो.” सगळा सेक्शन हसला. सरही. मीही हसले, आणि बाकी कशापेक्षा ते माझं स्वतःचं हसणं मला आजही सहन होत नाही. मध्ये मध्ये मी सरांना आठवण करून द्यायचे. “बोलतो गं वर,” ते म्हणायचे. “योग्य वेळ बघून बोलायचं असतं.”

योग्य वेळ आली ती वरूनच. मालकांचा मुलगा बाहेरून शिकून परत आला होता. त्याला सगळे छोटे साहब म्हणायचे. परदेशातला एक मोठा बायर कारखाना बघायला येणार होता आणि अशा लोकांना पर्यावरणाचं काही दाखवलं की बरं वाटतं, असं छोटे साहबांनी मीटिंगमध्ये सांगितलं. मग विचारलं, “अपने यहाँ साइकिल से कोई आता है?”

“सर, पीछे तो सब साइकिल से ही आते हैं,” कुणीतरी म्हणालं.

“नहीं नहीं, वो नहीं. स्टाफ में.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सीनियर म्हणाला, “सीट लेके आऊँ सर, सबूत है.” छोटे साहबांना विनोद कळला नाही, पण ते मला बघून खूश झाले. सर तर असे हसले की जणू सायकल त्यांनीच मला घेऊन दिली होती.

फोटो काढायचा ठरला. छोटे साहब खाली येऊन माझी सायकल बघून गेले. “थोड़ी यूज़्ड लगती है,” म्हणाले. ती वापरलेलीच होती, रोज. दुसऱ्या दिवशी कंपनीने एक नवी सायकल आणली. पांढरी, बारीक टायरांची, मडगार्ड नाही, कॅरियर नाही, स्टँडही नाही. तिची सीट माझ्या कमरेच्या वर येत होती. बसायचं नव्हतं, नुसतं हँडल धरून उभं राहायचं होतं. मला एक पांढरं हेल्मेट घातलं, केस त्यातून बाहेर काढून खांद्यावर सोडले, आणि फोटोग्राफर दहा वेळा म्हणाला, “मॅडम, थोड़ा खुश होके.”

तो फोटो मोठा करून पुढच्या गेटाच्या भिंतीवर लावला. खाली हिरव्या अक्षरांत काहीतरी उद्याच्या पृथ्वीबद्दल. त्या दिवसापासून मी रोज सकाळी माझ्याच फोटोखाली वाकून माझी सायकल खांबाला बांधत होते. गार्ड म्हणायचा, “मॅडम, फोटो में तो बहुत अच्छी लग रही हो.” त्यातल्या ‘तो’वर त्याचा जोर असायचा.

मग गेटाच्या आत, रिसेप्शनच्या बाजूला, स्टीलचा चकचकीत रॅक बसवला गेला. दोन-चार सायकली सहज मावतील असा. वर पाटी, ‘साइकिल पार्किंग’. मला वाटलं, झालं एकदाचं. सकाळी मी सरळ आत जायला लागले, तर गार्डने हँडलवर हात ठेवला. “मॅडम, वो कंपनी की साइकिल के लिए है.” रॅकमध्ये पांढरी एकटी उभी होती. तिला कुणी कुठे घेऊन जात नव्हतं आणि कुठून आणत नव्हतं.

बायर येण्याच्या आदल्या दिवशी मी सरांकडे गेले. वाक्य मी घरीच तयार केलं होतं. “सर, त्या रॅकमध्ये माझी सायकल ठेवता येईल का?”

“अगं, झालंय ते!” सर म्हणाले. “मी बोललो वर. उद्या बिनधास्त आत आण. उद्या तर तुझाच दिवस आहे, बेटा.”

त्या संध्याकाळी मी सायकल अंगणात घेऊन धुतली. आऱ्या एकेक करून पुसल्या, साखळीला तेल दिलं. आई बघत उभी होती. “पाहुणे सायकल बघायला येणार आहेत का?” तिने विचारलं. मी हो म्हटलं. ती आत गेली आणि एक जुनं मऊ फडकं घेऊन आली. सायकलीच्या बाबतीत तिने मला केलेली ती पहिली मदत.

सकाळी गार्डने गेट उघडलं. सलाम केला. मी सायकल आत नेली आणि रॅकमध्ये पांढरीच्या शेजारी लावली. कुलपाची साखळी पिशवीतच ठेवली. आतमध्ये कुलूप कशाला? सीट काढायला हात गेला आणि मी तो मागे घेतला. जिना चढताना खांदा हलका होता. सीनियर म्हणाला, “आज कुर्सी नहीं लाईं?” मी म्हटलं, “नहीं.” माझ्या आवाजात काहीतरी वेगळं असावं, कारण तो टेबलाखाली एकदा बघून कामाला लागला.

छोटे साहबांनी मला केबिनमध्ये बोलावून काय बोलायचं ते सांगितलं. माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं, म्हणून हे काम माझ्याकडे. मी रोज सायकलने येते. कंपनी आम्हाला यासाठी प्रोत्साहन देते. ही दोन वाक्यं इंग्रजीत. दुसरं वाक्य म्हणायला मला काल जड गेलं असतं. आज मी म्हटलं, चालेल, आजपासून ते खरं आहे.

गाड्या आल्याचा आवाज आला आणि आम्हाला खाली बोलावलं. जिन्याच्या वळणावरून रॅक दिसतो. त्यात पांढरी एकटी होती.

सर पुढे होते. मी त्यांच्या मागे जाऊन हळूच विचारलं, “सर, माझी सायकल?”

“अगं, ती जरा बाहेर ठेवायला सांगितली.” ते समोर बघत, ओठ न हलवता बोलत होते. “छोटे साहब म्हणाले, दोघी एकसारख्या दिसत नाहीत, ऑड वाटतं. अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे.”

“सर, तिला कुलूप नाही. सीटही तशीच आहे.”

“कोण नेतंय गं! गार्ड आहे ना तिथे.”

गार्ड तिथे नव्हता. तो आमच्या समोर, पांढरे हातमोजे घालून हारांचं तबक धरून उभा होता. त्याच्या मागे गेट बंद होतं. मी त्याच्याकडे पाहिलं तर त्याने नजर तबकाकडे वळवली.

“तुम्ही बोलला होतात,” मी सरांना म्हटलं. ते इतक्या हळू आवाजात होतं की त्यांनी ऐकलं नाही, किंवा नाही ऐकलं असं दाखवलं.

पाहुणे दोघं होते, एक उंच पुरुष आणि पांढऱ्या केसांची एक बाई. हार झाले, हात मिळवणं झालं. छोटे साहबांनी मला खांद्याला न शिवता पुढे केलं आणि माझी दोन्ही वाक्यं स्वतःच बोलून टाकली. ही आमची ड्रॉइंग सेक्शनची. रोज सायकलने येते, पाऊस असो, ऊन असो. कंपनी प्रोत्साहन देते. मला बोलायला काही उरलं नाही. माझं लक्ष गेटाखालच्या फटीकडे होतं. तिथून रस्त्याची एक पट्टी दिसते, त्यावरून चाकं जात-येत होती. स्कूटरची, टेम्पोची. मग एका सायकलीची, सावकाश, आणि ती माझी होती की कुणा दुसऱ्याची हे तेवढ्यावरून समजणं शक्य नव्हतं.

त्या बाईने पांढऱ्या सायकलीच्या सीटवर तळवा ठेवला, मग माझ्या उंचीकडे पाहिलं. तिला सायकलीतलं समजत असावं. रोज हीच चालवतेस का, तिने मला विचारलं. सीट तुला फार उंच होत नाही? छोटे साहब हसत उत्तर द्यायला वळले, पण ती त्यांच्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत थांबली होती. सर माझ्याकडे बघत होते. हार घातलेला तो पुरुषसुद्धा.

“ही माझी नाही,” मी इंग्रजीतच म्हणाले, आणि पोर्चमध्ये आवाज घुमतो हे मला तेव्हा कळलं. “माझी गेटाबाहेर आहे. ती आत ठेवू देत नाहीत. आज तिला कुलूपसुद्धा नाही, तेव्हा अजून आहे की गेली, ते मला आधी बघून येऊ द्या.”